सख्खे भाऊ की आडनावबंधू? इंग्रजी शब्दांच्या दोन-दोन अर्थांची भानगड

भाचा सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. परवा त्याच्या वहीत एक वाक्य दिसलं, "तो बँकेवर बसून होड्या बघत होता." धड्यातला माणूस नदीकाठी बसलेला होता, पण आमच्या हिरोला बँक म्हटल्यावर एकच बँक माहीत, त्यामुळे त्याने त्या बिचाऱ्याला थेट गच्चीवर चढवला. बाईंनी लाल पेनाने गोल करून शेजारी 'काठ' लिहिलं होतं, बस्स. आता हा माझ्यामागे लागला, "आत्या, पैशाची बँक आणि नदीचा काठ, दोन्हीला एकच शब्द कसा काय? ह्यांना दुसरा शब्द मिळाला नाही का?"

प्रश्न रास्त आहे आणि मला वाटतं शाळेत ह्याचं उत्तर कोणी देत नाही, फक्त यादी पाठ करायला लावतात.

आपल्याकडे दोन कुलकर्णी कुठे भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुम्ही मूळचे कुठले?" कारण आडनाव एक म्हणजे नातं असेलच असं नाही. कुलकर्णी, पाटील, देशमुख ही मुळात कामाची नावं, गावोगावी वेगळी वेगळी घराणी ते काम करायची, म्हणून आज लाखो पाटील आहेत आणि त्यातले बरेच एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, नुसते आडनावबंधू. शब्दांचंही असंच असतं. एका शब्दाला दोन अर्थ दिसले की दोन शक्यता. एक म्हणजे तो खरंच एकच शब्द आहे आणि वापरता वापरता त्याचा अर्थ पसरत गेलाय, म्हणजे सख्खे भाऊ. दुसरी म्हणजे ते दोन वेगळे शब्द आहेत, वेगळ्या गावाहून आलेले, घासून घासून त्यांचा उच्चार सारखा झालाय एवढंच. भाषावाले पहिल्याला पॉलिसेमी म्हणतात, दुसऱ्याला होमोनिमी. नावं विसरलात तरी चालेल, "मूळचे कुठले" हा प्रश्न विसरू नका.

आता बँकेचं. मला आधी वाटायचं हे साधे आडनावबंधू असणार, पण निघाले चुलत भाऊ. मध्ययुगात इटलीतल्या बाजारांत नाणी बदलून देणारे लोक बाकडं टाकून बसायचे, त्या बाकड्याला त्यांच्या भाषेत 'बांका', त्यावरून धंद्याचं नाव बँक. दिवाळं निघालेल्याला इंग्रजीत बँकरप्ट म्हणतात तेही तिथलंच, 'बांका रोत्ता' म्हणजे मोडलेलं बाकडं. आणि नदीची बँक? ती इंग्लंडात आली उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर, अर्थ उंचवटा, भुईचा बांध. पण आणखी मागे गेलं की इटालियन लोकांनी त्यांचं बाकडंही जर्मन जातीच्या भाषांकडूनच उचललेलं, आणि तिथे बाकडं आणि बांध दोन्हींचं मूळ एकच घराणं, बसता येईल असा उंच भाग. शाळेतला बेंच त्याच घरातला.

आणि मजा म्हणजे ह्याच घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. बाक! पोर्तुगीजांचा 'बांको', ज्याचा अर्थ त्यांच्याकडे बाकडं पण आणि बँक पण. म्हणजे वर्गातला बाक, वर्गातला बेंच आणि नाक्यावरची बँक हे तिघं एका आजोबांची नातवंडं, फक्त वेगवेगळ्या बोटींनी आलेली. ह्यात इटालियन बाजारात काही खास होतं असंही नाही, आपल्या व्यापाऱ्याची 'गादी' आठवा. बसायची गादी, मग तिच्यावर बसून चालणारा धंदा तीच गादी, आणि साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हटलं की राज्य. बसायच्या वस्तूवरून अख्ख्या कारभाराचं नाव पडणं ही जगभरची सवय दिसते.

बाकावरून आठवलं, "बाकावर बसून बसून पाठीला बाक आला" ह्या वाक्यात दोन बाक आहेत आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत. पहिला पोर्तुगीज, दुसरा वाकणे, वाकडा, वक्र ह्यांच्या घरातला, शुद्ध देशी. हे खरे आडनावबंधू. एकदा मराठीत हे दिसलं की इंग्रजीत बिचकायला होत नाही, म्हणून भाच्याला मी आधी हेच सांगितलं.

इंग्रजीतला ह्याचा सगळ्यात छान नमुना माझ्या मते डेट. खजूर म्हणजे डेट, तारीख म्हणजे पण डेट. खजुराचा डेट ग्रीक 'डाक्टिलोस'वरून, त्याचा अर्थ बोट, हाताचं बोट (खजूर किंवा त्या झाडाची पानं बोटांसारखी दिसतात म्हणे). तारखेचा डेट लॅटिनमधला. रोमन लोक पत्रावर लिहायचे 'दाता', म्हणजे "दिलं", हे पत्र अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिलं असं, आणि मग त्या 'दिलं'लाच लोक दिवस समजायला लागले. पुढे तारीख ठरवून भेटणं म्हणजे डेट, मग ज्या व्यक्तीला भेटायचं तीच डेट, हा सगळा विस्तार १९व्या शतकाच्या शेवटापासून पुढे अमेरिकेत झाला. म्हणजे कॅलेंडरवरची डेट आणि कॅफेतली डेट सख्ख्या, आणि खजूर परका.

अजून थोडं खणलं तर ह्याच 'दाता'च्या कुटुंबात डेटासुद्धा आहे, मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळतो तोच. डेटा म्हणजे दिलेल्या गोष्टी, दिलेली माहिती. आणि लॅटिनचा हा देण्याचा धातू आणि संस्कृतचा 'दा' हे एकाच मुळाचे, त्यामुळे दान, दत्तक, आणि आपले दत्त म्हणजे 'दिलेला', हे सगळे डेटाचे लांबचे का होईना पण नातेवाईक.

बरं, असे वेगवेगळे शब्द एकाच आवाजावर येऊन का आदळतात? इंग्रजीत हे जास्त होतं त्याचं कारण तिचा इतिहास. मूळची अँग्लो-सॅक्सन भाषा, तिच्यावर व्हायकिंग लोकांची भर, मग १०६६ साली नॉर्मंडीहून आलेल्यांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कोर्टात फ्रेंच चालली. तीन-चार ठिकाणांहून शब्द आले आणि त्याच काळात इंग्रजीने शब्दांच्या शेपट्या गाळायला सुरुवात केली, लांबलचक शब्दांचे एका झटक्यात बोलता येतील असे तुकडे झाले. आता 'डाक्टिलोस' आणि 'दाता' हे वेगळे ऐकू येतात, पण दोघांचीही शेपटी तुटली, डोकं तेवढं राहिलं, की झाला डेट. नदीतून घरंगळत आलेले गोटे कसे, डोंगर कुठलाही असो, खाली येईपर्यंत सगळे गुळगुळीत. मराठीत 'नाव'चं हेच झालंय, माणसाचं नाव हे संस्कृत 'नामन्'वरून आणि नदीतली नाव 'नौ'वरून. वर गंमत अशी की पहिल्याचा इंग्रजी भाऊबंद नेम आणि दुसरीची इंग्रजी भाऊबंद नेव्ही, म्हणजे जे इंग्रजीत वेगळे राहिले ते आपल्याकडे एक झाले.

काही जोड्या पटापट सांगते. बॅट, खेळायची वेगळी आणि वटवाघूळ वेगळं, वटवाघळाचं जुनं रूप 'बाके'च्या जवळचं होतं, उत्तरेकडून आलेलं, पुढे कधीतरी क चा ट झाला. पेन लिहायचा तो लॅटिन 'पेन्ना' म्हणजे पीस, कारण पिसानेच लिहायचे, आणि डुकरं-मेंढ्या कोंडायचा पेन हा जुना इंग्रजी शब्द, संबंध शून्य. पण ह्याच्यापेक्षा मला धक्का बसला तो पेन आणि पेन्सिल नात्यात नाहीत ह्याचा, पेन्सिल लॅटिनमधल्या 'छोटी शेपटी' अशा अर्थाच्या शब्दावरून, त्याने आधी रंगवायचा ब्रश दाखवायचे. कंपासपेटीत आयुष्यभर शेजारी राहून परके.

मॅच पण तशीच. क्रिकेटची मॅच जुन्या इंग्रजीतल्या 'जोडीदार' अर्थाच्या शब्दावरून, बरोबरीचा, तोलामोलाचा. म्हणून मॅचिंग ब्लाऊज आणि भारत-पाकिस्तान मॅच हे खरोखर एकच आहे, दोन्हीकडे जोड जमवायची. काडीची मॅच मात्र जुन्या फ्रेंचमधल्या वातीवरून, आणि त्या मॅचचं अनेकवचन मॅचेस आपल्याकडे येऊन माचिस झालं, मग आपण एका पेटीलाही माचिस म्हणायला लागलो.

लाईटवर दोन मिनिटं थांबते कारण इथे आपला फायदा आहे. लाईट म्हणजे उजेड आणि लाईट म्हणजे हलका, हे दोन पूर्ण वेगळे शब्द. हलका लाईट आणि संस्कृत 'लघु' एका मुळाचे, आणि उजेडाचा लाईट 'रुच्' म्हणजे चमकणे ह्याच्या मुळाचा, ज्यातून आपली रुची, रोचक वगैरे आले. म्हणजे इंग्रजांचे जे शब्द ऐकायला सारखे झाले ते संस्कृतात लघु आणि रुची इतके लांब राहिले. हे बघितल्यापासून "लाईट गेली" म्हणताना मला उगाच बरं वाटतं.

आता सख्खे भाऊ, म्हणजे एकाच शब्दाचा पसारा. ह्यात माझा लाडका बोर्ड. मूळ अर्थ लाकडी फळी, एवढाच. फळ्या जोडून जेवायचं टेबल केलं, टेबलालाही बोर्ड. मग त्या टेबलावर येणारं जेवण म्हणजे बोर्ड, म्हणून पैसे भरून जेवणाखाण्यासकट राहायची सोय ती बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली, त्या नावात ही फळीच आहे, जेवणाची फळी. दुसरीकडे, त्याच टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळी म्हणजे पण बोर्ड, कंपनीचं संचालक मंडळ, आणि दहावी-बारावीचा बोर्ड. तिसरीकडे फळी फळीच राहिली, ब्लॅकबोर्ड, कॅरम बोर्ड, दुकानावरचा बोर्ड. बोर्डिंगमध्ये राहून बोर्डाची परीक्षा देणारा पोरगा बोर्डावरचं उतरवून घेतो तेव्हा तीन ठिकाणी एकच फळी आहे.

आणि हे विचित्र वाटत असेल तर आपलं पान घ्या. झाडाचं पान, 'पर्ण'वरून. केळीच्या पानावर, पत्रावळीवर जेवायचो म्हणून जेवणाचं ताट म्हणजे पान, "पानं घ्या", "पानात टाकू नये", आणि हे आपण स्टीलच्या ताटासमोर बसून बोलतो, आजी तर डायनिंग टेबलावरच्या काचेच्या प्लेटलाही पान म्हणते. पुस्तकाचं पान, पत्त्यांतलं पान, टपरीवरचं पान. इंग्रजांची फळी टेबलावरून जेवणापर्यंत गेली, आपलं पान झाडावरून जेवणापर्यंत आलं. पायऱ्या जवळजवळ त्याच, वस्तू, मग तिच्यावर ठेवलेली वस्तू, मग सगळा प्रसंग. एकेक पाऊल छोटंच असतं, पण पहिली आणि शेवटची पायरीच फक्त बघितली तर डोकं गरगरतं.

फाईनचं पण तसंच. "मी फाईन आहे" आणि "पाचशे रुपये फाईन भरा" ह्यात काय संबंध? मूळ लॅटिन 'फीनिस', शेवट. शेवटापर्यंत नेलेलं, पूर्ण केलेलं काम ते उत्तम, म्हणून फाईन. आणि पैसे भरून भांडणाचा शेवट केला, प्रकरण मिटवलं, ते मिटवायचे पैसे म्हणजे फाईन. फायनान्सही ह्याच घरातला, हिशेब मिटवणं. आपल्याकडे ह्या जागी दंड आहे आणि तो काही कमी नाही, मुळात काठी, मग काठीने करायची शिक्षा, मग काठीऐवजी भरायचे पैसे, शिवाय खांद्याखालचा दंड आणि आखाड्यातले दंड-बैठका.

दंड आला की बेटकुळी आलीच. लहानपणी सगळ्यांनी हात वाकवून बेटकुळी काढून दाखवलीय, कातडीखाली बेडकी हलल्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. रोमन लोकांना तिथे बेडकी नाही, उंदीर दिसला. 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, त्यावरून इंग्रजी मसल. आणि संगणकाचा माऊस तर तुम्हाला माहीतच आहे, डग्लस एंगलबार्टने १९६८ साली तो जाहीरपणे चालवून दाखवला, वायर म्हणजे शेपटी. म्हणजे जिममधले मसल आणि टेबलावरचा माऊस, दोन्हीकडे उंदीरच.

मोठ्यात मोठा पसारा रन ह्या शब्दाचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी तो नव्याने हातात घेतला तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, त्याआधी १९८९च्या आवृत्तीत सेट पुढे होता, ४३० अर्थ. पाठ करायची गोष्टच नाही ही. पण एक युक्ती आहे, इंग्रज जिथे पळतो तिथे मराठी माणूस चालतो. त्यांचं दुकान पळतं, आपलं चालतं. त्यांचं मशीन पळतं, आपलं चालतं. ते घर पळवतात, आपण घर चालवतो. नाक तेवढं त्यांचं पळतं आणि आपलं वाहतं. आणि सेटच्या तोडीचं आपल्याकडे 'लागणे' आहे: भूक लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, वाट लागते. एसटी स्टँडवर "गाडी लागली" म्हटलं की अर्ध्या लोकांनी पिशव्या उचलायच्या आणि उरलेल्यांनी लिंबू शोधायचं, हे परक्या माणसाला समजावून दाखवा.

एक शब्द तर आपल्या अंगणातून गेला असावा. टँक. पाण्याचा टँक आणि रणगाडा टँक. १७व्या शतकात हिंदुस्थानात आलेले इंग्रज तलावाला, हौदाला टँक म्हणायला लागले आणि कोशांत त्याचं मूळ म्हणून गुजराती-मराठीतलं टांकं, टाकं दिलेलं असतं, जोडीला पोर्तुगीज 'टांक' पण असतो, दोघांनी मिळून शब्द रुजवला म्हणा. गडावर गेलेल्यांना टाकं सांगायला नको, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी कातळात खोदलेली आहेत आणि पाणी बर्फासारखं गार. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लिंकन गावातल्या कारखान्यात लोखंडी चिलखती गाडी बनवायला घेतली. गुप्तता पाहिजे होती, म्हणून विचारणाऱ्याला सांगायचं की आम्ही पाणी वाहायच्या टाक्या करतोय. ते खोटं नावच चिकटलं आणि १५ सप्टेंबर १९१६ला सोमच्या लढाईत टँक पहिल्यांदा मैदानात उतरला. आणि उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या की जो टँकर येतो त्याच्या नावात आपलंच टाकं परत येतं, वेशीवर हंडे घेऊन थांबलेल्यांना अर्थात त्याचं काही कौतुक नसतं.

(भाच्याने मध्येच विचारलं, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणजे पाण्याची टाकी अंगावर पडते का?" नाही रे बाबा, ती पाथरवटाची टाकी, छिन्नी.)

पार्टीतलं पंच हे पेय पण इथूनच गेलं म्हणतात. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत, मुंबई करत जुन्नरपर्यंत आला होता, त्याने लिहून ठेवलंय की ह्यात पाच जिन्नस असतात म्हणून हे नाव. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही, पण ते खरं धरलं तर ते पेय आणि आपल्या कबड्डीतले पंच सख्खे, आणि तोंडावर बसणारा पंच मात्र फ्रेंचमधला, टोचणे-भोसकणे अर्थाचा, कागदाला भोक पाडतं ते पंचिंग मशीन त्याच्या घरचं.

आता एक सावधगिरी. अशा गोष्टींचा नाद लागला की फॉरवर्ड यायला लागतात. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी पाठवलं की न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांच्या बातम्या. साफ खोटं. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी, संपलं. टिपचं पण असंच, अमुक शब्दांची आद्याक्षरं वगैरे, काही अर्थ नाही. पॉश ह्या शब्दाची गोष्ट तर मुंबईला जोडलेली आहे, बोटीने मुंबईला येताना डावीकडची केबिन आणि परत जाताना उजवीकडची, सावलीची बाजू, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, येताना उजवी) ह्याची पी-ओ-एस-एच ही चार अक्षरं मारायचे. गोष्ट इतकी गोड आहे की खोटी म्हणायला जीवावर येतं, पण तसं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. साधा नियम, आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची फॅशन २०व्या शतकातली, त्याच्या आधीच्या शब्दाला कोणी असा फोड करून दाखवला तर बहुतेक वेळा थाप असते.

मग खरं कसं कळणार? कोश उघडा, मोबाइलवरचा चालेल. चांगल्या इंग्रजी कोशात आडनावबंधूंना वेगवेगळ्या नोंदी देतात, शब्दाच्या डोक्यावर छोटा एक, छोटा दोन असा आकडा असतो. आणि सख्खे भाऊ असतील तर एकाच नोंदीच्या पोटात अर्थांना नंबर देतात. एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

मी हे ग्रुपवर काकांना समजावून लिहिलं, न्यूजचं. दोन निळ्या टिका आल्या. तासाभराने त्यांचं उत्तर, "बरं. मग चहाला टी का म्हणतात ते सांग."